सुईपुरता चष्मा

पारुबाई गेल्याचं नामाजीला कळलं, तेव्हा तिचा चष्मा त्याच्या बंडीच्या खिशात होता.

हिंगोलीहून परतताना गाडी साखऱ्याच्या शिवारात शिरली आणि समोरून त्याचा मुलगा भुजंग येताना दिसला. डोक्याला पटका नव्हता, पायात वहाण नव्हती. तुरीच्या कडेला तो थांबला, बैलाचं शिंग धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बा, माय गेली."

"कुठं गेली?" नामाजीनं विचारलं.

भुजंगनं बैलाच्या मानेवर डोकं टेकवलं. मग नामाजीला समजलं.

सकाळी ती चुलीपुढं बसली होती. भाकरी तव्यावर टाकली आणि तिथंच भिंतीला टेकली. भाकरी करपल्याचा वास आला म्हणून शेजारीण डोकावली. ताप नाही, दुखणं नाही. सांगण्यासारखं एवढंच होतं. नामाजी गाडीतून खाली उतरला नाही. बैल सवयीनं घराकडं निघाले. खिशातली डबी बरगडीला टोचत होती, पण ती काढून बाजूला ठेवावी हेही त्याला सुचलं नाही.

सगळं उरकून घरी आल्यावर आंघोळीसाठी त्यानं बंडी उतरवली, तेव्हा डबी खाली पडली. त्याची थोरली बहीण पंचफुलाबाई बातमी ऐकून आली होती. तिनं डबी उचलली.

"हे काय रे नामा?"

"पारूचा चष्मा."

पंचफुलाबाई तोंडाला पदर लावून खालीच बसली.

पारुबाईला वाकळी शिवायचा नाद होता. पांघरायला लागतात म्हणून सगळ्याच बाया शिवतात, पण हिला हातात सुई नसली की चैन पडत नसे. जुनी लुगडी, धोतरं, फाटके पटके एकावर एक अंथरायची आणि कडेपासून सुरुवात करायची. एका ओळीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. नांगर धरलेला माणूस बांधापासून फिरत फिरत वावराच्या मधोमध येतो, तशी ती चहूबाजूंनी आत आत यायची. टाका तिळाएवढा. नामाजी चेष्टेनं म्हणायचा, "आमच्या तिफनीची रांग बी इतकी सरळ पडत न्हाई." ती म्हणायची, "मंग तिफन माझ्या हातात द्या."

गेल्या दोन वर्षांत तिला जवळचं दिसेनासं झालं. लांबच्या वावरात कुणाची बैलजोडी चालली ते ती बरोबर सांगायची, पण सुईत दोरा ओवायला भुजंगला हाक मारायची. त्यात थोरल्या लेकीला, सखूला, पहिल्यांदा दिवस गेले. तिचं सासर हट्ट्याला होतं. बाळंतपणाला ती माहेरी येणार, म्हणजे लेकरासाठी वाकळ हवी. पारुबाईनं स्वतःची मऊ झालेली लुगडी काढली आणि कामाला लागली. संध्याकाळी डोकं धरून बसायची.

तेव्हा नामाजीनं चष्म्याचं मनावर घेतलं. हिंगोलीत नेमसिंग नावाचा चष्मेवाला होता. काचा हैदराबादेहून रेल्वेनं मागवायचा. पारुबाई काही तिथं जायला तयार झाली नाही. "परक्या बाप्यानं माझ्या तोंडाला हात लावायचा? मला न्हाई पायजे तुमचा चष्मा."

नामाजीनं ऐकलं होतं, की चष्मा मापानं करतात. जोडा करायचा तर पायाचं माप न्यावं लागतं, तसंच हे असणार असं त्यानं धरलं. एके दिवशी ती ओसरीवर शिवत बसलेली असताना तो तिच्यापुढं उकिडवा बसला. दोऱ्याचं एक टोक तिच्या नाकाच्या शेंड्यावर धरलं आणि दुसरं सुईपर्यंत नेलं.

"आवं, चोळीचं माप घेऊन राहिले का चष्म्याचं?" ती हसू लागली.

"हलू नको. बराबर यायला पायजे."

दोरा चांगलाच लांब भरला. तिचे हात जवळजवळ सरळ होते. त्यानं टोकांना गाठी मारल्या आणि तो दोरा पटक्यात खोचून हिंगोलीला नेला.

नेमसिंग म्हणाला, "पाटील, बाईला घेऊन या."

"ती येत न्हाई."

"उमर?"

नामाजीनं अंदाजानं सांगितली. नेमसिंगनं दोरा ताणून पाहिला, मान हलवली. मग दोन चष्मे पुढं ठेवले. "हा एक नजरेचा. जवळचं दिसतं, बस. मान वर केली की सगळा धूर. अन् हा दोन नजरेचा. वर साधी काच, खाली भिंग. खाली पाह्यलं की काम दिसतं, वर पाह्यलं की लांबचं."

नामाजीनं विचार केला. पारुबाई ओसरीवर दाराकडं तोंड करून बसायची. शिवता शिवता मान वर करायची आणि कोण आलं ते बघायची. वावरातून तो आला, की आधी तिची मान वर व्हायची, मग तांब्या भरला जायचा.

"दोन नजरेचाच करा," तो म्हणाला. "वरून दार, खालून सुई."

दिवाळी उरकल्यावर तो चष्मा आणायला गेला. आणलेला चष्मा तसाच डबीत राहिला.

दिवस-कार्य झालं. पारुबाईची लुगडी वाटली, अंथरूण नदीला सोडलं. वाकळ मात्र ओसरीच्या कोपऱ्यात घडी घालून पडली होती. तिच्या मधोमध हातभर जागा शिवायची राहिली होती आणि तिथं पारुबाईची सुई टोचलेली होती. सुईत तिचा दोरा होता.

त्यांच्या घरात वाकळीची एक रीत होती. जिनं सुरू केली तिनंच पुरी करायची. काम थांबलं, की सुई वाकळीतच टोचून ठेवायची. सुई काढून घेतली म्हणजे वाकळ पुरी झाली. मग पुन्हा तिच्यात सुई घालायची नाही.

"मेलेल्या बाईची सुई टोचलेली वस्तू घरात राहू द्यायची न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं म्हणून ती राहिली होती. "तिचा जीव त्यात अडकतो. अन् सखू तर पोटुशी. ती सुई हाय तवर पोरीला या उंबऱ्याच्या आत घेता येत न्हाई."

"मंग तू पुरी कर."

"मी? माझ्या हातानं तिची सुई चालवू? कोनची बाई हात लावंल? नदीला सोड."

"लेकरासाठी शिवली तिनं. नदीला कशी सोडू?"

"मंग सुई काढून घे."

"मधात मोकळीच हाय आक्का. दोन धुण्यांत सगळ्या चिंध्या गोळा होतील."

पंचफुलाबाई चिडली. "सोडायची न्हाई, काढायची न्हाई, दुसऱ्याला द्यायची न्हाई. मंग काय करनार हायस?"

नामाजीनं कोपऱ्यातल्या घडीकडं पाहिलं. बाईनं हात लावायचा नाही, हे खरं होतं. बाप्यानं लावायचा की नाही, ते रीतीत कुठंच नव्हतं. कारण आजवर कोणत्याच बाप्याला ते सुचलं नव्हतं.

"मी शिवतो," तो म्हणाला.

"तू?" पंचफुलाबाईला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती हसली. "पोती शिवलीस तू जलमभर. दाभनानं."

"दाभन काय अन् सुई काय. भोक तर पाडायचंच हाय."

मुलीला कधी आणायचं ते ठरलं होतं. चैत्रातल्या पाडव्याला. तोवर वाकळ पुरी करायची, नाहीतर नदीला सोडायची, असं पंचफुलाबाईनं बजावलं.

जवळचं तर नामाजीलाही दिसत नव्हतं. दोघांची नजर बरोबरच उतरली होती, पण त्याला नांगराला आणि बैलाला कुठं बारीक नजर लागत होती? त्यानं पारुबाईचा चष्मा डोळ्यावर चढवला आणि ओसरीकडं निघाला. खाली पाहिलं तर उंबरा वितळल्यासारखा दिसला. पाय अडखळला, गुडघा फुटला.

"चालताना काढ ना रे ते!" पंचफुलाबाई ओरडली.

तो बसला. वाकळ मांडीवर घेतली. खालच्या भिंगातून पाहिलं. सगळं पुसट. सुई कुठं, टाका कुठं, काही कळेना. मान वर केली, खाली केली. भिंगात जागाच केवढीशी, जरा नजर हलली की पुन्हा साधी काच. शेवटी त्यानं वाकळ दोन्ही हातांनी लांब धरली. हात जवळजवळ सरळ झाले, तेव्हा सुई दिसली.

तसाच तो शिवू लागला. चार टाके झाले आणि खांदे भरून आले.

पंचफुलाबाई दारातून बघत होती. "अगदी तिच्यावानी बसलास," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तशीच बसायची. मागं आले तवा म्हनली होती मला, आक्का, खांदे गेले गं माझे."

नामाजीचे हात खाली आले.

पारू आधी कशी बसायची? लग्न होऊन आली तेव्हा, सखू झाली तेव्हा? वाकळ पार छातीशी धरायची. ओळ संपली की मान जराशी झुकवायची आणि दोरा दातानं तोडायची. वाकळ उचलावीही लागायची नाही. एवढ्या जवळ. हात लांब गेले ते दिसेनासं झाल्यावर. आणि त्यानं माप घेतलं ते त्या लांब गेलेल्या हाताचं. दिसत नव्हतं, म्हणून तिनं जे अंतर धरलं होतं, तेच अंतर त्यानं गाठी मारून नेलं आणि त्याचाच चष्मा करून आणला. ती असती तर तो तिनं डोळ्यावर घातला असता. तो मापात आहे असं तिला वाटलं असतं. आणि उरलेला जन्म ती तशीच हात ताणून बसली असती.

तो चष्मा काढून तसाच बसून राहिला. जेवायला उठला नाही.

तरीही त्यानं त्याच चष्म्यानं काही दिवस रेटलं. दुसरं होतं काय? हरभऱ्याची राखण भुजंगवर टाकली. सकाळी बसायचा, हात थरथरायला लागले की थांबायचा, पुन्हा बसायचा. दारावरून जाता येता शेजारचा उकंडराव विचारायचा, "नामाजी, औंदा पेरनी सुईनंच करतो का?" नामाजी पुढचा टाका घालायचा. बाहेर जावं तर वाकळ डोळ्यांपुढं, घरात बसावं तर पंचफुलाबाईची नजर. ओसरीच्या तीन भिंती आणि एक दार एवढंच जग उरलं होतं.

एक ओळ पुरी झाली, तेव्हा पंचफुलाबाईनं ती बोटानं चाचपली. "हे काय, तुरीचं पोतं शिवलंस का? या भोकांतून लेकराचा अंगठा जाईल."

तिचं खरं होतं. त्यानं सगळे टाके उसवले, पारुबाईच्या शेवटच्या टाक्यापर्यंत मागं आला आणि सुई होती तिथं टोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी वाकळीचं गाठोडं बांधलं आणि गाडी जुंपली.

"वेशीबाहेर नेतोस तर तिकडंच सोडून ये," पंचफुलाबाई म्हणाली.

"चष्म्याला नेतो."

"वाकळीला चष्मा?"

नेमसिंगच्या दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. नामाजीनं दोन नजरेचा चष्मा त्याच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, "हा चुकला."

"कसा चुकंल? माप तुमीच दिलं."

"माप चुकलं. तिला दिसत नव्हतं तवाचं माप दिलं मी."

नेमसिंगनं चष्मा उचलून पुसला. मग हळूच म्हणाला, "मी बी विचारलं न्हाई, पाटील. बाई आल्या का संगं?"

"ती गेली. आता मला पायजे. तिच्या कामाला."

नेमसिंगनं खुर्ची पुढं केली. नामाजीनं ती बाजूला सारली, फरशीवर मांडी घातली, गाठोडं सोडलं आणि वाकळ छातीशी धरली. "मला असं बसून शिवायचं हाय. एवढ्यावरून. हितं दिसलं पायजे."

एक गिऱ्हाईक हसलं. "हा मानूस चष्मा घ्यायला आला का निजायला?"

"तुमी गप बसा जरा," नेमसिंग म्हणाला आणि स्वतः त्याच्यासमोर फरशीवर बसला. एकेक भिंग त्याच्या डोळ्यापुढं धरू लागला. "हे?"

"न्हाई."

"हे?"

"सुई दिसते. टाका न्हाई."

"हे बघा."

नामाजीनं पाहिलं. टाके दिसत होते. तीस वर्षं तो तिच्या टाक्यांखाली झोपला होता आणि इतक्या जवळून त्यानं ते कधी पाहिले नव्हते. कडेच्या ओळी सरळ होत्या. आत येता येता त्या वाकड्या होऊ लागल्या होत्या. काही ठिकाणी एका टाक्यासाठी तिनं तीनतीनदा सुई टोचली होती. शेवटच्या ओळींवर बारीक तपकिरी ठिपके होते. आधी त्याला ती कापडावरची नक्षी वाटली. मग त्यानं बोट लावलं. ते तिच्या बोटांचं रक्त होतं, वाळलेलं.

"पाटील? तकलीफ होते का डोळ्याला?"

"न्हाई. हेच भिंग."

"हे जोराचं हाय," नेमसिंग म्हणाला. "दोन नजरेच्या चष्म्यात टाकता येतं, पन खालची खिडकी एवढीशी राहील. मान मागं टाकून बसावं लागंल. थोडं वाचायचं असंल तर ठीक. दिवसभर सुई धरायची तर मान ऱ्हानार न्हाई. त्यापरीस पुरी काच घ्या, एक नजरेची. सुईपुरता चष्मा. मात्र मान वर केली की काहीच दिसायचं न्हाई. दारात कोन आलं ते बी कळायचं न्हाई."

"दारात आता कोन येनार हाय," नामाजी म्हणाला. "सुईपुरताच करा."

काच हैदराबादेहून यायची होती. शिमगा होऊन गेला तेव्हा ती आली. मधले दिवस नामाजीनं वाकळीकडं बघत काढले. घरात राहवेना आणि वावरात लक्ष लागेना. पंचफुलाबाई रोज नदीचं नाव काढायची. नदीचं पाणीही आटत चाललं होतं.

नवा चष्मा घालून तो पहिल्या दिवशी बसला आणि सगळं घर नाहीसं झालं. वाकळीचा तेवढा तुकडा, सुई आणि स्वतःची जाड बोटं. बाकी सगळा धूर. त्या धुरात त्याला बरं वाटलं नाही, पण तिथून उठावंसंही वाटलं नाही. पारुबाईचा उरलेला दोरा एका ओळीलाच संपला. मग सुई वाकळीत उभी ठेवून त्यानं नवा दोरा ओवला. टाका तिळाएवढा नाही आला. ज्वारीच्या दाण्याएवढा आला. पंचफुलाबाईनं बोट फिरवून पाहिलं. दुपारी त्याच्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

ओळीमागून ओळ तो आत सरकत होता. घाई करता आली असती. दिवसाला एखादी ओळ जास्त झाली असती. पण पुरी झाली म्हणजे सुई काढावी लागणार होती. म्हणून कधी एखादा टाका तो उसवून पुन्हा घालायचा. पाडव्याला अजून वेळ आहे, असं मनाशी म्हणायचा.

पाडव्याच्या आधीच एका दुपारी दारात गाडी थांबली. नामाजीला आवाज आला. त्यानं मान वर केली. दाराच्या उजेडात लाल लुगड्याचा एक डाग उभा होता. डोक्यावर पदर होता. तोंड नव्हतं. वाकळ धरलेले त्याचे हात जागच्या जागी थांबले.

"बा," तो डाग म्हणाला.

सखू होती.

"पाय सुजले म्हनून सासूबाईनं आधीच धाडलं," ती म्हणाली. "हिंगोलीपस्तर रेल्वेनं आले, मंग गाडीनं. आत्या, मला जरा टेकू दे गं."

"थांब!" पंचफुलाबाई आडवी झाली. "उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको. तुझ्या मायची सुई हाय घरात." मग वळून म्हणाली, "नामा, किती राहिलं?"

"वीतभर."

"कर की मंग झटपट!"

"आज होत न्हाई. उद्या बी होत न्हाई."

"मंग हिला उकंडरावाच्या घरी टेकू दे दोन दिवस."

"माहेरी येऊन शेजाऱ्याच्या घरी?" सखूचा आवाज कापरा झाला. "माय असती तर..." चौकटीला धरून उभी राहिली.

नामाजीनं चष्मा कपाळावर सरकवला. आता सखू दिसली. ओठ कोरडे पडले होते. पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती. एका हातानं ती कंबर धरून होती आणि उंबऱ्याकडं बघत होती, तो ओलांडायची तिची हिंमत नव्हती.

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यावर घेतला. सुई टाक्यातून ओढली, गाठ मारली. मान जराशी झुकवली आणि दोरा दातानं तोडला. वाकळ उचलावी लागली नाही.

"आक्का, ही घे सुई."

पंचफुलाबाईनं हात पुढं केला, पण सुई लगेच घेतली नाही. "वीतभरच राहिलं होतं रे. पुन्हा घालता यायची न्हाई."

"ठावं हाय मला."

तिनं सुई पदराच्या टोकाला टोचली आणि दारातून बाजूला झाली. सखू आत आली. ओसरीवर बसल्या बसल्या तिनं वाकळ ओढून घेतली आणि तिच्यावर आडवी झाली. नामाजीनं तिच्या पायातली जोडवी हळूहळू मोकळी केली.

वैशाखात मुलगी झाली. तिला त्याच वाकळीत गुंडाळतात. दोन धुण्यांत मधल्या चिंध्या गोळा झाल्या, त्या पंचफुलाबाई रोज हातानं सारख्या करते. दोन नजरेचा चष्मा डबीत आहे. सुईपुरता चष्मा खुंटीला आहे. मधली वीतभर जागा शिवायची राहिली आहे.